वळणावर तेल कुठं जातं

बाबा, तुला लिहायचं मी टाळत आले. आज लिहीन, उद्या लिहीन करत किती गावं पालथी घातली, पण कागदावर काही उतरलं नाही. एकदा गोव्यात भाड्याच्या स्कुटर धुताना अख्खं पत्र मनात तयार झालं होतं. कागद आणायला उठले, तर समोरच्या दुकानात एक म्हातारा जुनी घड्याळं उघडून बसलेला दिसला. संध्याकाळपर्यंत मी तिथंच. तुला माहितीये माझं. साखर आणायला पाठवली तर पतंग घेऊन येते, असं तूच आईला हसत सांगायचास. आज मात्र मला ताप आलाय असं गॅरेजच्या शेठना सांगून घरी बसलेय आणि ताप नसताना घरात बसणं किती कठीण असतं ते सकाळपासून कळतंय. पंखा पुसून झाला, खिडकीची कडी दुरुस्त झाली. बेलवलीच्या या घरात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तुझ्याशी बोलायला बसले. कागद गॅस्केटचा आहे, जाड, तपकिरी. घरात दुसरा नव्हता.

मी सध्या उल्हासनगरला एका गॅरेजात आहे. बारावी अर्ध्यात सोडली, मग आयटीआय अर्ध्यात सोडलं, मग नाशिक, गोवा, कोइम्बतूर असं कुठं कुठं राहून परत आले, आणि इथं टिकले. आईला अजून पटत नाही की मी टिकले. शेठ सिंधी आहेत, तू असतास तर तुझ्याच वयाचे. पहिल्या दिवशी मी काम मागायला गेले तेव्हा तिथल्या पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. शेठनी माझ्यासमोर एक गंजलेला नट टाकला आणि चहा प्यायला निघून गेले. परत आले तेव्हा नट सुटलेला होता. ते म्हणाले, "पुट, पाने को क्या मालूम किसका हाथ है. कल से आ जा." पुट म्हणजे त्यांच्यात लेकरू. तेव्हापासून मी तिथं पुट आहे. पोरं मला आधी मॅडम म्हणून चिडवायची, आता नुसतंच "ए" म्हणतात. म्हणजे घरचीच झाले.

रिक्षा, टेम्पो, क्लच प्लेटा हे रोजचं काम. पण बदलापुरातले एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे, जुनी घेतलेली. वर्षातून दोन-तीनदा ती ट्रकवर चढवून दक्षिणेत नेतात आणि तिथल्या रेसच्या ट्रॅकवर पळवतात. कुणाला हरवायला नाही. नुसतं पळवायला. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, कशासाठी?" तर म्हणाले, "दिवसभर लोकांना म्हणतो, आ करा, हलू नका. मग मला कधीतरी हलावंसं वाटतं." मला एकदम आवडून गेले ते.

तर गेल्या थंडीत त्या गाडीचं इंजिन ट्रॅकवर मेलं. तेलावाचून मेलं, आणि गंमत बघ, तेल पूर्ण होतं. तुला समजेल असं सांगते, कारण तुला हे सांगायला मिळावं म्हणून तर एवढा आटापिटा. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं, तुझ्या पाण्याच्या टँकरलाही होतंच. त्यात मधोमध एक नळी, तोंडाला जाळी. पंप त्या जाळीतून तेल ओढतो आणि वर बेरिंगांना पाजतो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्या तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत फिरतो, लोखंडाला लोखंड लागतच नाही. आपल्या रस्त्यांवर काही होत नाही, वळण येतं आणि संपतं. पण ट्रॅकवर लांबलचक उजवं वळण असतं, त्यात गाडी पूर्ण वेगात, टायर चिकट, गाडी सुटत नाही. मग चेंबरातलं सगळं तेल डाव्या भिंतीवर चढून बसतं, वळण संपेपर्यंत खाली उतरत नाही. जाळी उघडी पडते. पंप हवा पितो. तेल आहे तेवढंच आहे, फक्त जिथं हवं तिथं नाही. तेवढ्या वेळात बेरिंग कोरडं फिरतं आणि जळतं. डॉक्टरांनी फोनवर आवाज ऐकवला, टक टक टक, आणि शेठनी फोन परत देत फक्त मान हलवली. इंजिन उघडलं तेव्हा डॉक्टर शेजारी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, त्यांच्या पेशंटसारखे.

दुसरं इंजिन आणायला त्यांना बरेच महिने लागले. ते आलं त्या दिवशी शेठनी मला बाजूला घेतलं. "देख पुट. ये आखरी है. ये भी गया तो रेस-वेस का काम बंद, बोर्ड से नाम भी मिटा दूँगा. फिर वही रिक्षा, वही टेम्पो. उसमें तेरा मन नहीं लगेगा, मैं जानता हूँ. तू चली जाएगी." ते खरं बोलत होते. मला रिक्षाचं काम वाईट वाटत नाही, पण तिथं प्रश्न नसतो, आणि प्रश्न नसला की माझे पाय आपोआप स्टेशनकडे वळतात. या गाडीत मात्र प्रश्न होता. आणि खरं सांगू का, प्रश्न ऐकल्याबरोबर मला तू आठवलास.

आठवतो का तुला परातीचा दिवस? मी तिसरी-चौथीत असेन. तुझ्याबरोबर केबिनमध्ये बसून जांभूळला टँकर भरून येताना तू ब्रेक मारलास, गाडी थांबली, आणि एका क्षणानंतर कुणीतरी मागून धक्का दिल्यासारखी पुन्हा पुढं सरकली. मी घाबरून मागं बघितलं. कुणी नव्हतं. घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेलास, आईची पिठाची परात काठोकाठ भरलीस आणि माझ्या हातात दिलीस. "घे. उंबऱ्यापर्यंत ने." मी चार पावलं गेले आणि अर्धं पाणी फरशीवर. आई कढईवरून वळते आणि म्हणते, "अवो, आता ही फरशी कोन पुसनार? तुमचा टँकर?" तू म्हणतोस, "गप गो, पोरीची शाला चाललीय." मग फडताळातल्या सगळ्या वाट्या काढतोस, एकीला एक लावून परातीत उभ्या मांडतोस, पुन्हा पाणी भरतोस. मी निघते. पाणी वाट्यांमधून थरथरतं, पण काठ ओलांडत नाही. मी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येते, कोरडी. "बगितलास? पानी तवराच हाय. त्याला धावाला आंगन नाय ठेवला." आईच्या त्या वाट्या मी नंतर पुसल्या आणि एक वाटी पलंगाखाली ठेवून दिली. कशासाठी ते माहीत नाही. तिच्यात काहीतरी आहे असं वाटलं.

मग टँकरवर चढवून झाकणातून बॅटरीच्या उजेडात तू मला आत दाखवलंस. आडवे पत्रे, मधे भोक, खालचे कोपरे कापलेले. म्हणालास, पुढं-मागं धावणारं पाणी हे मोडतात. मी विचारलं, "आणि बाजूला धावलं तर?" तू हसून म्हणालास, "बाजूचा ड्रायवर मोडतो."

ते ड्रायव्हरनं मोडणं मी चिखलोलीला बघितलं. तिथं तेव्हा नुकत्याच इमारती उठत होत्या आणि नळ यायचे होते. आता तिथं रेल्वे स्टेशन होणार म्हणे, लोक आतापासून गच्चीवर उभे राहून ते कुठं होणार ते एकमेकांना दाखवतात. असो. त्या दिवशी सोसायटीची टाकी अर्ध्यातच भरली आणि वॉचमन म्हणाला, "बस झालं, उरलेलं घेऊन जा, दुसरीकडं टाका." तू म्हणालास, "अर्दी गारी मी रोडवर नेत नाय." तो म्हणाला, "का? हलकी झाली ना उलट." तू स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणालास, "भरलेली गारी माझी असते. रिकामी माझी असते. अर्दी गारी वलनावर पान्याची असते." वॉचमन हसला. तू मात्र गाडी पुढच्या कोपऱ्यापर्यंत चालण्याच्या वेगानं नेलीस, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांपाशी उभी केलीस आणि व्हॉल्व्ह उघडलास. बायका हंडे, बादल्या, रंगाचे डबे घेऊन धावत आल्या. एकीनं दुसऱ्यांदा हंडा लावला तेव्हा मी तिला म्हटलं, "तुमचं झालं ना, फुकट आहे म्हणून काय?" तू माझा हात व्हॉल्व्हवरून बाजूला केलास. ओरडला नाहीस. फक्त म्हणालास, "फुकट नाय ता. आपून घरी पोचतो ना, तो काय कमी हाय?" आणि मग बदलापूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. तुझ्या सगळ्या बोलण्यांपेक्षा ते न बोलणं मला जास्त लागलं. घराच्या वळणावर तूच खिशातून चिक्की काढून दिलीस, अर्धी तुटलेली.

तर मी पहिलं चेंबर तुझ्या टँकरसारखं बनवलं. उभे-आडवे पत्रे कापले, मधे भोकं, खालचे कोपरे कापलेले, झाळून घेतले. तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढं, बाजूचेही पत्रे लावले, म्हणजे ड्रायव्हरवर काही सोडलं नाही. गाडीला बसवायच्या आधी ते बाकावर तपासता येतं, ही युक्ती मी कोइम्बतूरला शिकले होते. वळणात गाडी जेवढी बाहेर ओढली जाते त्या हिशेबानं चेंबर तिरकं करायचं, काटकोनाच्या निम्म्यापर्यंत, आणि तसंच धरून ठेवायचं. जाळी तेलात राहिली तर पास. मी तेल भरलं, खाली जॅक लावला, हळूहळू तिरकं केलं. पोरं गोळा झाली. पहिल्यांदा जाळी बुडालेलीच राहिली आणि मी टाळी वाजवणार एवढ्यात तेल भोकांतून, कोपऱ्यांतून, निवांत, एकेक खोली ओलांडत दुसऱ्या बाजूला निघून गेलं. जाळी कोरडी. तुझे पत्रे लाट मोडतात, बाबा. तेल जायचं थांबवत नाहीत, फक्त उशिरा जाऊ देतात. छोट्या वळणाला तेवढं पुरे. लांब वळणाला नाही. शेठ म्हणाले, "ये तूने टँकर बना दिया." मी हसत सुटले. त्यांना कळेना, एवढं काय हसायचं.

ते म्हणाले, "छोड़, ऊपर से एक-दो लीटर तेल ज़्यादा डाल देते हैं." तूसुद्धा हेच म्हणायचास, तेल जास्त असलेलं बरं, आणि खुणेच्या वर ओतायचास. माफ कर, पण ते चुकीचं आहे. फार वर चढलेलं तेल फिरणाऱ्या क्रँकला लागतं आणि ताकासारखं घुसळलं जातं. मग पंप हवेऐवजी फेस पितो, आणि फेसावर काहीच तरंगत नाही. वरच्या खुणेपर्यंत ठेवायचं, ट्रॅकवर दर फेरीनंतर तपासायचं, बस. हे तुला सांगताना मला कसंतरीच वाटतंय. तुला चूक म्हणायला तू समोर हवा होतास. मग तू म्हणाला असतास, "बरं मास्तरीन," आणि तरीही वर ओतलं असतंस.

दुसरं चेंबर सुचलं ते मिठागरवाल्या तुझ्या मामाच्या गावावरून. खाडीकाठी बांधावर तू मला उभी केली होतीस, ती उघाडी दाखवायला. बांधाच्या पोटातून आरपार मोरी, आणि तिच्या तोंडाला वरून टांगलेलं लाकडी दार. ना कडी, ना माणूस. भरती आली की खाडीचं पाणीच दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून ढकलून ते उघडतं आणि बाहेर जातं. पाणीच रखवालदार. मी म्हटलं, हेच हवं. जाळीभोवती चौकोनी खोली करायची, चारी भिंतींना वरून टांगलेली छोटी पोलादी दारं. तेल एकाच दिशेनं जाईल, उलट निघालं की दार आपोआप मिटेल. दोन रात्री मला त्या दारांचीच स्वप्नं. सिंधी बाजारात एका बॅगावाल्याकडे नाजूक बिजागऱ्या मिळाल्या, त्यांना बघून पोलादाच्या तशाच घडवल्या. मधे त्या बाजारात पापडाच्या एका दुकानात माझा निम्मा दिवस गेला, ते वेगळं सांगेन.

तेल भरलं. जॅक लावला. आणि बाबा, या वेळी जाळी पहिल्यापेक्षा लवकर कोरडी पडली. दारं उघडून सगळं तेल बाहेर निघून गेलं, आणि सरळ केल्यावर परत आत येईना, कारण दारं मिटलेली. डॉक्टर नेमके आलेले. त्यांनी खिशातून दात बघायचा तो काडीवरचा आरसा काढला, चेंबरात घातला, वाकून बघितलं आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले, "डावीकडचं दार आ करतंय. पण बाहेरच्या बाजूला. असं करायला हवं का त्यानं?" पोरं फिस्सकन हसली. मी म्हटलं, उघाडी अशीच असते, मी स्वतः बघितलीय. आणि ते म्हणताना मलाच शंका आली.

संध्याकाळी घरी आले. आई भाकऱ्या थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, उघाडीचं दार कुठल्या बाजूला उघडतं गो?" तिनं परातीतून डोळा न काढता विचारलं, "शेताची का आगराची?" दोन असतात हेच मला माहीत नव्हतं. "शेताची भाइर उघडते. शेताला पान्यापासून सुटका होवी असते. आगराची आत उघडते. मिठाला खाडीचा पानी होवा असते, आला का कोंडून ठेवाचा. तुजा बा दोनी दाखवाला घेऊन गेलेला तुला. तवा तू कं करीत होतीस?"

मी काय करत होते ते मला लख्ख आठवलं. शेताची उघाडी बघून झाल्यावर तू मला पुढं मिठागराकडं घेऊन चालला होतास, बोलत होतास, आणि माझ्या पायाशी एक खेकडा एकच मोठा आकडा वर करून उभा होता. मी त्याच्याशी बोलत बसले. तुझ्या सांगण्याचा अर्धा भाग त्या खेकड्यानं खाल्ला. जाळीची खोली हे शेत नव्हे, आगर आहे. तिला तेल घालवायचं नाहीय, कोंडायचंय. मिठागरवाल्यांच्या नातीनं भातशेतीची उघाडी बसवली. आईला सांगितलं तर ती एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली, आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्याना होवा होता आज." तुझं नाव निघालं की ती एरवी विषय बदलते. त्या दिवशी नाही बदलला. जेवताना तुझ्याबद्दल ती बोलत राहिली, लग्नाआधी तू टँकरवर नवीन होतास तेव्हा गाडीला तिच्या माहेरचा रस्ता पाठ झाला होता म्हणे. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

दुसऱ्या दिवशी दारं उलटी केली. तेवढंच. तिरकं धरलं तेव्हा खालच्या बाजूची दारं तेलाच्याच वजनानं मिटली आणि जाळी बुडालेली राहिली. आम्ही धरूनच ठेवलं. शेठनी खिशातला मावा तोंडात टाकला, चघळून संपवला, तरी जाळी बुडालेली. दुसऱ्या बाजूला तिरकं केलं, पुढं झुकवलं, मागं झुकवलं. बुडालेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ चेंबराच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "किसने सिखाया?" मी म्हटलं, "बाबांनी. अर्धं." ते म्हणाले, "बाकी आधा?" म्हटलं, "आईनं."

चेंबर बसलं, गाडी ट्रकवर चढली. डॉक्टर म्हणाले, "चल की ट्रॅकवर. तुझंच चेंबर आहे." मी म्हटलं, इथं काम आहे. काम नव्हतं. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. मागं इंजिनांचा एवढा गोंगाट की निम्मं ऐकूच येईना. "अगं, तो लाल दिवा लागलाच नाही!" दाब जरा जरी पडला तरी लगेच पेटेल असा दिवा मी समोर बसवून दिला होता. मी म्हटलं, "मग चांगलंय ना." ते म्हणाले, "चांगलंय, पण अजिबातच लागला नाही गं. बल्ब गेलाय का?" फोन बंद झाला. बल्ब नवीन होता. पण वायर? मी वायर घट्ट केली होती की नुसती टेकवली होती? मला आठवेना. तीन दिवस आठवत नाही. डोळे मिटले की मी ती वायर कधी घट्ट करते, कधी विसरते, दोन्ही तेवढंच खरं वाटतं.

गाडी काल रात्री परत आली. आज सकाळी शेठ तेलाचा फिल्टर कापणार. तुमच्या वेळी कुणी हे करत नसे. फिल्टरच्या आतला कागद कापून उन्हात पसरायचा आणि तिरका धरून बघायचा. चमचम दिसली तर बेरिंग सुटत चाललंय, इंजिन आज ना उद्या जाणार. नुसता काळा असला तर सुखरूप. दिवा खोटं बोलेल, कागद नाही. मला ते बघवणार नव्हतं, म्हणून ताप. शेठ फोनवर म्हणाले होते, "अच्छा, बुखार. रख ले बुखार." त्यांना कळलं असणार.

थांब, फोन आला.

आले. शेठ होते. ओरडत होते, मागं पोरंही ओरडत होती. कागद काळा आहे. उन्हात धरला, सावलीत धरला, डॉक्टरांनी दवाखान्यातली दिवा असलेली भिंगाची चष्मेपट्टी लावून बघितला. कण नाही. आणि वायर घट्ट होती, ते त्यांनी मी न विचारता सांगितलं. मग म्हणाले, "अब बुखार उतर गया हो तो आ जा, रिक्षावाले खड़े हैं." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा इथं येऊन बसले. अक्षर बघ कसं चाललंय. तू गेलास तेव्हा उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलच्या जिन्यात मी बसून होते, मला रडू आलं नव्हतं, आणि सगळे म्हणत होते, पोरगी घट्ट आहे. आत्ता एका काळ्या कागदासाठी आलंय. तुझ्या वाटणीचंही असेल त्यात.

हे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते, आईला माहीत नाही. रविवारी तो फोन आल्यावर मी बॅग भरली. कपडे, पाने, चार्जर, सगळं. इंजिन गेलं असं कळलं असतं तर शेठना तोंड न दाखवता दुपारच्या गाडीनं निघणार होते. कुठं ते ठरलं नव्हतं. कधीच ठरलेलं नसतं.

खालून आई हाका मारतेय. "गो, येतंस का? कोनतरी आलाय. लांबचा दिसतोय." मी खिडकीतून बघितलं. एक माणूस, धुळीनं भरलेली मोटारसायकल, मागं गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड, त्यातून तेल गळतंय. आईला म्हणतोय, "कोल्हापूरहून आलोय, मावशी. रविवारी डॉक्टरांची गाडी वळणात बघितली. चेंबरचे मिस्त्री इथंच राहतात न्हवं?" आई म्हणाली, "मिस्त्री नाय. पोरगी हाय. वर जावा."

तो जिना चढतोय, बाबा. खोलीत बसायला एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर ती बॅग आहे. उचलते.